भूशास्त्रज्ञाचं मोजमाप: उद्धरणं मोजायची की काम वाचायचं?

अभ्रक (धागाकर्ता)

मत आधी सांगतो, कारणं नंतर. भूशास्त्रज्ञाच्या नेमणुकीत आणि बढतीत एच-इंडेक्सला जागा नसावी. शेवटच्या रकान्यातही नको.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी: ज्याचे २० निबंध प्रत्येकी किमान २० वेळा उद्धृत झालेत (म्हणजे इतर निबंधांनी त्यांचा संदर्भ दिलाय), त्याचा एच २०. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ही कल्पना मांडली. गणित सोपं, आकडा एकच, म्हणून बघता बघता सगळ्या विज्ञानशाखांच्या अर्जांत जाऊन बसली.

आता भूविज्ञानाच्या एकाच विभागात कोण कोण असतं ते बघा. एकजण हवामानाची मॉडेलं चालवतो; मोठा गट, वर्षाला पाच-सहा निबंधांवर त्याचं नाव. शेजारी मास स्पेक्ट्रोमीटर (अणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) सांभाळणारी बाई. ठिकठिकाणचे लोक तिच्याकडे झिरकॉन या खनिजाचे कण पाठवतात, ती वय काढून देते आणि प्रत्येक निबंधात सहलेखक होते (व्हायलाच हवी). तिसरा गडी चार-पाच वर्षं एकाच डोंगररांगेत स्तर मोजत, थरांचा उतार (नती) आणि दिशा टिपत हिंडतो. त्यातून एक नकाशा आणि एक लांबलचक निबंध निघतो. मग कुणीतरी तिघांचे एच एका तक्त्यात मांडतं आणि तिसऱ्याला 'कमी उत्पादक' म्हणतं.

उद्धरणं म्हणजे दर्जा असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दोन नमुने. व्हिटनी आणि एव्हान्स यांचा २०१० चा तीन पानांचा निबंध: खनिजांच्या नावांची संक्षिप्त रूपं कशी लिहावीत. हजारो उद्धरणं. दुसरा सन आणि मॅकडोनो यांचा १९८९ चा. त्यात बरंच काही आहे, पण जग तो उद्धृत करतं मुख्यतः त्यातल्या एका तक्त्यासाठी, कारण मूलद्रव्यांचे आलेख काढताना आपले आकडे त्या तक्त्यातल्या आकड्यांनी भागायचे असतात. दोन्ही कामं उपयोगी आहेत, मीही वापरतो. पण तो आकडा शोधाची खोली सांगत नाही, सोय सांगतो.

माझी मागणी: उमेदवाराने आपली पाच कामं निवडावीत, समितीने ती वाचावीत. नकाशा, विदासंच (डेटासेट), सर्वेक्षणाचा अहवाल, सगळं चालेल.

आकडेमोड

असहमत, आणि जोरात असहमत.

'समितीने वाचावं' हे ऐकायला छान आहे. समितीत कोण असतं? उमेदवाराच्या मार्गदर्शकाचा जुना मित्र, नाहीतर जुना वैरी. भूविज्ञानाची एकेक उपशाखा इतकी लहान, की सगळे एकमेकांना ओळखतात. आकडे नव्हते तेव्हा काय चालायचं? 'हा अमक्याचा विद्यार्थी' एवढ्यावर कामं व्हायची. एच-इंडेक्स कितीही ओबडधोबड असला तरी वशिल्याच्या तट्टाला तो लपवता येत नाही. लहान संस्थेतून, कुणाचा हात डोक्यावर नसताना आलेल्या माणसाकडे दाखवायला तेवढं एकच असतं.

आणि वाचणारे तज्ज्ञ काय करतात त्याचं उदाहरण तुमच्याच शास्त्रातलं घ्या. १९६३ मध्ये लॉरेन्स मॉर्ली या कॅनडाच्या भूभौतिकशास्त्रज्ञाने समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावणारा (समुद्रतळ पसरत जातो, असा) निबंध 'नेचर'ला पाठवला. नाकारला गेला. मग 'जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च'ला पाठवला. तिथल्या परीक्षकाच्या शेऱ्याचा मथितार्थ असा, की असल्या अटकळी पार्टीत गप्पा मारायला ठीक आहेत. त्याच सप्टेंबरात व्हाइन आणि मॅथ्यूज यांचा तोच विचार मांडणारा निबंध 'नेचर'मध्ये छापून आला. आज त्या सिद्धान्ताला तिघांचं नाव जोडतात, पण तेव्हा श्रेय दोघांना मिळालं.

मॉर्लीला एच-इंडेक्सने बुडवलं नाही. काळजीपूर्वक वाचणाऱ्या तज्ज्ञांनीच बुडवलं.

अमोनाइट

मी जीवाश्मांवर काम करते, त्यामुळे एक वेगळीच गंमत सांगते. प्रजातीच्या नावामागे तिचं पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव आणि साल लिहायची पद्धत आहे. एखाद्या सूचक जीवाश्माचं (ज्यावरून थराचं वय ओळखतात) नाव स्तरविज्ञानाच्या, म्हणजे खडकांच्या थरांवरच्या, शेकडो निबंधांत येतं, त्यामागे वर्णनकर्त्याचं आडनावही येतं. पण मूळ निबंध संदर्भसूचीत बहुतेक वेळा नसतो. सूचीत नाही म्हणजे मोजणीत नाही. ज्या वर्गीकरणावर खडकांचं वय ठरतं, ते करणारा हिशेबात शून्य, आणि त्याच्या आधारे वक्र काढणारा 'प्रभावशाली'.

आमच्याकडे निबंधाचं आयुष्यही लांब असतं. १९३० च्या दशकातलं मोनोग्राफ आजही उघडावं लागतं, कारण नमुन्याचं त्याहून चांगलं चित्र दुसरीकडे नसतं. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र फक्त मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना यंदा किती उद्धरणं मिळाली ते बघतो. आमची मंडळी दोन वर्षांत नमुने धुऊन, कोरून जेमतेम मोकळी करतात.

बेसाल्टी

+१ अमोनाइट.

आकडेमोड

@अमोनाइट, मुद्दा रास्त आहे, पण तो मोजण्याच्या विरोधातला नाही. तो कमी मोजल्याच्या विरोधातला आहे. नावामागची उद्धरणं मोजत नाहीत? मग संपादकांनी मूळ वर्णनं सूचीत घ्यायला लावावीत. उपशाखा वेगळ्या आहेत? मग जीवाश्मवाल्याची तुलना हवामानवाल्याशी करूच नका. त्याच उपशाखेतल्या, त्याच वर्षीच्या निबंधांमध्ये हा निबंध वरच्या किती टक्क्यांत बसतो ते बघा. अशी प्रमाणित मापं आहेत, ग्रंथमितीवाले (प्रकाशनं आणि उद्धरणांची आकडेवारी अभ्यासणारे) कधीपासून सांगताहेत. हर्शनेही मूळ लेखात शाखाशाखांत फरक पडतो हे मान्य केलं होतं, आणि एचला कारकिर्दीच्या वर्षांनी भागायचंही सुचवलं होतं. ते कुणी वाचत नाही, आकडा तेवढा उचलतात. दोष कुणाचा?

अजून एक. अशा चर्चेत थोड्या वेळाने कुणीतरी वेगेनरला आणतंच, म्हणून आधीच सांगतो. वेगेनरने खंडवहनाची, म्हणजे खंड सरकतात ही, कल्पना १९१२ मध्ये मांडली, १९३० मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला, मान्यता १९६० च्या दशकात मिळाली. खरं आहे. पण तो दुर्लक्षित नव्हता. त्याच्याविरुद्ध भरपूर लिहिलं गेलं, म्हणजे उद्धरणं पडत होतीच. शिवाय एकेका वेगेनरमागे असंख्य लोक असे असतात ज्यांचं काम कुणी वाचत नाही, कारण त्यात काही नसतं. तेही सगळे स्वतःला वेगेनर समजतात.

प्लावी

आकडेमोड, शेवटच्या वाक्याला टाळ्या. पण तुम्हीच म्हणालात की वेगेनरला विरोधकांची उद्धरणं पडत होती. मग आकडा नेमकं काय सांगतो? चुकीच्या निबंधालाही खोडून काढण्यासाठी शंभर उद्धरणं मिळतात.

माझा मुद्दा वेगळा आहे, तो विदेचा. चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. १९६४ मध्ये पैसे आटले म्हणून काही महिने मोजणी बंद पडली, त्या वक्रात ती फट आजही आहे. पहिल्या काही वर्षांनंतर 'तेच तेच मोजताय, नवीन काय?' असं कोणत्याही मोजणीखोर समितीने विचारलं असतं. अशा मालिकेचं मोल तिच्या लांबीत असतं, आणि लांबी वाढत असताना दरवर्षी सांगण्याजोगा निबंध निघत नाही. भूजलाच्या विहिरींची पातळी, हिमनद्यांचं वस्तुमान, भूकंपमापकांची जाळी, सगळीकडे हेच.

सॉफ्टवेअरचंही तसंच. नकाशे काढायला लोक जीएमटी (जेनेरिक मॅपिंग टूल्स) वापरतात. वेसेल आणि स्मिथ यांनी १९९१ मध्ये त्याच्यावर लेख लिहिला म्हणून निदान त्याला उद्धरणं तरी मिळतात. पण कितीतरी जण आभाराच्या परिच्छेदात एक ओळ टाकून मोकळे होतात. आभार कोणताही कोश मोजत नाही.

आकडेमोड

म्हणजे लेख लिहिला तर श्रेय मिळतं, हे तुम्हीच सिद्ध केलंत. काल्ने आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हवामानाच्या पुनर्विश्लेषणाचा (जुन्या निरीक्षणांवर एकाच मॉडेलने पुन्हा काढलेला) विदासंच एका निबंधात मांडला. तो या शास्त्रातल्या सर्वाधिक उद्धृत निबंधांत गणला जातो. विदेला डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) द्या, तिच्यावर छोटा निबंध लिहा, वापरणाऱ्याला उद्धृत करायला लावा. अजून मोजा, नीट मोजा.

मोहो

नीट मोजा म्हणजे नीट फसवा. माप हेच लक्ष्य झालं की ते माप राहत नाही, अशा अर्थाचा नियम गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्याने मूळ विचार १९७५ मध्ये पतधोरणाबद्दल मांडला होता, पण प्रयोगशाळेत चपखल बसतो.

मी तरुण आहे, चार दिवस झालेत या धंद्यात येऊन, तरी काय दिसतं सांगू? सरोवराच्या तळातून गाळाचा एक गाभा (उभा, दंडगोल नमुना) काढायचा. त्याचे परागकण एका निबंधात, समस्थानिकं दुसऱ्यात, चुंबकीय गुणधर्म तिसऱ्यात, आणि तिन्ही एकत्र केले की काय दिसतं ते चौथ्यात. चौथा पहिल्या तिघांना उद्धृत करतो. वाचणाऱ्याला चारही शोधून जोडावे लागतात. एकच चांगला निबंध झाला असता, पण त्याने एच किती वाढला असता? एकाने.

आणि एच कधी कमी होत नाही हो. माणूस संशोधन सोडून घरी बसला तरी वाढतच राहतो. ज्याचे तीन निबंध आहेत त्याचा एच तीनच्या वर जाऊच शकत नाही, मग त्या तिघांनी शास्त्र उलटंपालटं केलेलं का असेना.

ज्वालाकाच

सगळे निबंधांतच अडकलात. पिनाटूबो ज्वालामुखी, जून १९९१. फिलिपिन्स आणि अमेरिकेच्या ज्वालामुखीतज्ज्ञांनी उद्रेकाचा अंदाज वेळेत दिला, हजारो माणसं हलवली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मते त्यामुळे किमान ५,००० जीव वाचले. त्या आठवड्यांत ते भूकंपांच्या नोंदी बघत होते, सल्फर डायऑक्साइड मोजत होते, अधिकाऱ्यांना समजावत होते. इशाऱ्याच्या पत्रकाला कुणी उद्धृत करतं का?

आकडेमोड

करत नाही. पण याच मंडळींनी १९९६ मध्ये त्या उद्रेकावर जाडजूड संग्रह काढला, आणि ज्वालामुखीवाले तो आजही उघडतात. चांगलं काम करणारा शेवटी लिहितो.

ज्वालाकाच

त्यांच्यामागे उभी संस्था होती म्हणून लिहू शकले. वेधशाळेत रात्रपाळी करणाऱ्याला कोण सुट्टी देतं पाच वर्षांनी पुस्तक लिहायला? 'शेवटी लिहितो' हे ज्याला वेळ मिळतो त्याचं तत्त्वज्ञान आहे.

अभ्रक

बरीच चर्चा झाली, दोन गोष्टींना उत्तर देतो.

मॉर्ली. उदाहरण जबरदस्त आहे, पण ते चुकीच्या जागी ठोकलंय. तिथे परीक्षक ठरवत होता की ही कल्पना छापावी की नाही. आपण बोलतोय करून झालेल्या, तपासता येणाऱ्या कामाबद्दल. मॉर्लीच्या पाच कामांत तो नाकारलेला निबंधही ठेवता आला असता आणि दहा वर्षांनी समितीला दिसलं असतं की हा माणूस बरोबर होता. उद्धरणांच्या यादीत तो निबंध कधीच दिसणार नाही, कारण तो छापलाच गेला नाही.

वशिला. मान्य, हा धोका खरा आहे. पण आकड्यांनी वशिला गेला का? तो सहलेखकांच्या यादीत शिरला. गटप्रमुखाचं नाव प्रत्येक निबंधावर, आणि 'मला उद्धृत कर' हे परीक्षकाच्या शेऱ्यातून. समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्पच्या आलेखांतून अटलांटिकच्या मध्य-कटकावरची (समुद्राखालच्या डोंगररांगेवरची) दरी दिसली, तेव्हा तिचा सहकारी ब्रूस हीझनने सुरुवातीला ती बायकी बडबड म्हणून झटकली होती, आणि नंतरही पहिल्या काही निबंधांवर तिचं नाव नव्हतं. आकडे त्याच निबंधांवरून काढणार ना? अन्याय आत शिरलेला असेल तर बेरीज त्याला बाहेर काढत नाही.

गाळ

थोडं व्यवहाराचं. कोणता आकडा म्हणताय तेही सांगा. उद्धरणं मोजणारे कोश वेगवेगळे: एकाच माणसाचा एच वेब ऑफ सायन्समध्ये एक, स्कोपसमध्ये दुसरा आणि गूगल स्कॉलरवर सहसा सगळ्यात मोठा. सर्वेक्षण संस्थांची जुनी मेमॉयर्स (सविस्तर अहवालांचे खंड), परिषदांचे खंड, इंग्रजीबाहेरचं लिखाण, भूविज्ञानातला हा सगळा ऐवज पहिल्या दोघांत अर्धवट आहे. गूगल स्कॉलर ते उचलतं, पण सोबत सहलीची मार्गदर्शक पुस्तिका आणि कुणाचा तरी प्रबंधही उचलतं. उमेदवार अर्थातच मोठा आकडा लिहितो. दोन उमेदवारांनी दोन कोशांतले आकडे लिहिले आणि समितीने तसेच शेजारी मांडले, असं प्रत्यक्ष बघितलंय.

मला दोन्ही बाजू अर्ध्या पटतात, पण अभ्रक, एक सांगा. अर्जांचा गठ्ठा समोर, प्रत्येकाची पाच कामं, समितीत चारजण. त्यातला एक भूरसायनवाला, एक भूकंपवाला. नकाशा वाचता येणारा कोण आहे त्यांच्यात? न वाचता 'वाचलं' म्हणणार.

अभ्रक

मग नकाशा वाचणारा बाहेरून बोलवा. ज्या विभागाला नकाशा वाचता येत नाही त्याने नकाशा काढणाऱ्याला नापास करू नये, एवढं तरी मान्य व्हावं. सगळे अर्ज इतके खोलात वाचायचे नाहीत. आधी पात्रता आणि विषय जुळतो का ते बघून गाळा. नकाशाचा उपयोगही तपासता येतो: पुढच्या सर्वेक्षणांनी त्याच्या सीमारेषा तशाच ठेवल्या की बदलल्या, बोअरवेल घेतल्यावर खाली तोच खडक लागला का.

मोहो

जाहिरातीत नेमकं काय लिहाल?

अभ्रक

'आपली निवडक पाच कामं जोडा. शोधनिबंध, नकाशा, विदासंच, सॉफ्टवेअर, अहवाल, काहीही चालेल. प्रत्येकात तुमचा वाटा काय आणि त्याचा पुढे कुणी काय उपयोग केला ते थोडक्यात लिहा. एच-इंडेक्स आणि जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर लिहू नये.' दुसऱ्या भागात नवीन काही नाही. संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यातच म्हटलंय की जर्नलच्या मापावरून माणूस मोजू नका. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाने २०२१ मध्ये नेमणुका-बढत्यांतून इम्पॅक्ट फॅक्टर काढायचं जाहीरही केलं.

आकडेमोड

लिहू नये म्हटलंत तरी बैठकीच्या आदल्या रात्री समितीतला प्रत्येकजण गूगल स्कॉलर उघडणार आणि मनात क्रम लावून येणार. मग तो आकडा उघडपणे, त्याच उपशाखेच्या तुलनेत मांडलेला बरा. संशोधनाची मापं कशी वापरावीत यावरच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातलं एक तत्त्व हेच आहे: ज्याचं मोजमाप होतंय त्याला विदा तपासता आली पाहिजे. मनातल्या आकड्याला उमेदवार उत्तर कसं देणार?

अभ्रक

उघडू दे. पण इतिवृत्तात नाकारण्याचं कारण म्हणून तो आकडा आला, तर त्या पानावर माझी सही नसेल.