विचारांच्या वहीत मुलं भावनाच लिहितात. विचार पकडायला कसं शिकवायचं?

शाळा_समुपदेशक
दहावीच्या मुलांकडून प्रसंग, विचार, भावना अशा तीन रकान्यांची वही भरून घ्यायची आहे. 'राईचा पर्वत', 'मन ओळखणं' ही विचारदोषांची, म्हणजे विचार करताना होणाऱ्या नेहमीच्या चुकांची, नावं मुलं पाठ करतात, पण विचाराच्या रकान्यात 'टेन्शन आलं', 'कसंतरी झालं' एवढंच येतं. सुरुवात कुठून करावी? आणि विचारदोषांचे प्रकार किती शिकवावेत?

चौथा_रकाना
'टेन्शन आलं' ही भावना. ती तिसऱ्या रकान्यात टाका आणि विचारा, 'तेव्हा डोक्यात कुठलं वाक्य होतं?' भावना एका शब्दात मावते. विचाराला वाक्य लागतं आणि ते खरं की खोटं हे तपासता येतं. म्हणूनच 'आता माझं काय होणार?' हेही चालत नाही, प्रश्नाला पुरावा कसा मागणार? त्याचं मनातलं उत्तर लिहायला लावा: 'मी नापास होणार.'

समजा, सराव परीक्षेत बीजगणितात ४० पैकी २९ आणि भूमितीत १३. वाक्य येतं, 'गणित मला जमणारच नाही.' त्यावर विश्वास किती, ० ते १०० मध्ये? ९०. आता चौथा रकाना, पुराव्याचा. २९ गुण तिथे लिहिले की वाक्य बदलतं: 'भूमितीची प्रमेयं अडतात, बीजगणित बरं आहे.' पहिल्या वाक्यावरचा विश्वास ५०-६० वर आला तरी काम झालं. शून्याचा हट्ट धरला की मुलं तुम्हाला खूश करायला आकडे लिहितात. 'मी हुशार आहे, मला सगळं जमेल' असलं गुळगुळीत वाक्यही नको, ते पहिल्या पेपरला पडतं.

नोंद होईल तितकी लगेच करावी. रात्री लिहिली तर नंतरचं शहाणपण त्यात मिसळतं.

च_खाली_रेघ
मराठीत एक सोय आहे: 'च'. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या उपचारपद्धतीत माणसाच्या हट्टी मागण्यांवर बोट ठेवलं आहे. आपल्याकडे ती मागणी एका अक्षरात सापडते. 'नव्वद टक्के पडलेच पाहिजेत.' 'बाईंनी सगळ्यांसमोर बोलायलाच नको होतं.' मुलांना 'च'खाली रेघ मारायला सांगा, मग तो वगळून वाक्य मोठ्यानं वाचायला. 'नव्वद टक्के पडले पाहिजेत' यातही मागणी उरतेच, म्हणून पुढे 'पडले तर आवडेल' इथपर्यंत न्या.

प्रत्येक 'च' दोषी नसतो. 'दार मीच लावलं' यात नुसता जोर आहे. उलट 'मी ढ आहे' यात 'च' नाही, तरी एका पेपरावरून आख्ख्या माणसावर शिक्का आहे.

दहाची_यादी
प्रकार चार पुरेत: टोकाचा विचार, दुसऱ्याचं मन ओळखणं, भाकीत, शिक्का. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड बर्न्स यांची विचारदोषांची १९८० ची यादी दहांची आहे, पण एकच वाक्य तिच्यातल्या तीन खणांत बसतं आणि वर्ग खण कुठला यावरच भांडत बसतो.

'मला वर्गात चिडवतात' हे खरं असेल तर तो विचारदोष नव्हे. तिथे वही मिटून चिडवणं थांबवायचं. 'जगून उपयोग नाही' असं कुणी म्हटलं तर त्याच दिवशी पालकांशी बोला आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

शाळा_समुपदेशक
वह्या तपासायला गोळा कराव्यात का?

चौथा_रकाना
नको. लाल शेरा दिसला की पुढच्या नोंदी सरांना आवडतील अशाच येतात. ज्याला दाखवावीशी वाटेल त्यानं दाखवावी.