पहिलंच सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक खर्चातलं) अनुदान: पैसे यायच्या आधी हिशेबाची काय तयारी करावी?

गावविहीर
नमस्कार मंडळी. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे; १२ए (संस्थेची आयकर सवलत), ८०जी (देणगीदाराची करसवलत), सीएसआर-१ (सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची नोंदणी) सगळं आहे. वर्षाची उलाढाल १०-१२ लाख, तीही छोट्या देणग्यांची. आता एका कंपनीकडून पाणलोटाच्या कामासाठी दीड वर्षात ४८ लाख मिळतील, तीन हप्त्यांत. करारावर सही व्हायची आहे. हिशेबनीस अर्धवेळ, हिशेब टॅलीवर, सीए वर्षातून एकदा येतात. आधी काय बसवून घ्यावं? वेगळं बँक खातं लागतं का? आणि एकाच कार्यकर्त्याचा पगार दोन प्रकल्पांत कसा टाकतात?

खतावणी
सही राहिली आहे हे उत्तम. करारात पहिल्यांदा बघा, दुसरा हप्ता कशावर सुटतो. पहिल्यातले ७५-८० टक्के खर्च आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे कशावर वापरले याचा दाखला), अशी अट बहुतेक ठिकाणी असते. अहवाल तपासून पैसे यायला दोन महिने सहज जातात आणि पगार तेवढे थांबत नाहीत. "तोवर विश्वस्तांकडून उसने घेऊ" हा मार्ग धरू नका. न्यासाला असं कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्यापेक्षा पहिला हप्ताच मोठा मागा.

अंदाजपत्रकातल्या एका शीर्षातून (खर्चाच्या सदरातून) दुसऱ्यात किती रक्कम वळवता येते, तेही करारात लिहून घ्या. १० टक्क्यांपर्यंत नुसतं कळवून आणि त्यापुढे लेखी मंजुरी, एवढं असलं तरी पुरे.

सीएसआरसाठी वेगळं खातं कायद्याने बंधनकारक नाही (एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांचं, प्रकरण वेगळं), पण काढाच. प्रकल्पाच्या पैशातून झालेली शिल्लक, व्याजासकट, त्याच प्रकल्पात लावावी लागते, आणि मिश्र खात्यात व्याज कुणाचं किती हे सांगता येत नाही. टॅलीत प्रकल्पाचं कॉस्ट सेंटर (त्याच्या खर्चाचा वेगळा कप्पा) काढा आणि लेजरची (खात्यांची) नावं मंजूर अंदाजपत्रकातल्या शीर्षांप्रमाणे शब्दशः ठेवा. तिकडे "बांधबंदिस्ती" आणि इकडे "साहित्य खर्च" असं झालं, की प्रत्येक तिमाहीला एक्सेलमध्ये नवा हिशेब मांडावा लागतो आणि तो ताळेबंदाशी जुळत नाही. खर्च कोणत्या प्रकल्पाचा हे व्हाउचरवर त्याच दिवशी लिहायचं. अनुदानात घोळ होतो तो बहुतेकदा इथे. चोरीमारी फार पुढची गोष्ट.

आणि विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज ९० दिवसांत दाखल झाला होता ना, ते तपासा. कंपनीची पडताळणी तिथेच अडते.

मस्टर
पगाराचं उत्तर टाइमशीट, म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या प्रकल्पाचं काम केलं याची नोंद. समजा पगार २२,००० आणि कामाचे दिवस २६. त्यातले १६ या प्रकल्पाचे, तर इकडे १३,५३८ आणि उरलेले ८,४६२ दुसरीकडे. पीएफमधला संस्थेचा वाटा आणि रजेचे दिवस याच प्रमाणात. शीट दर महिन्याला भरायची, वरिष्ठाची सही घ्यायची. "अंदाजपत्रकात १५,००० आहेत म्हणून १५,००० टाकले" असं करू नका. दोन्ही देणगीदारांचे ऑडिटर एकच पगारपत्रक मागतात आणि तिथे एका माणसाचे ११५ टक्के निघतात.

पाणलोट म्हणजे जेसीबी आलाच. "४० तास, एकूण इतके" एवढ्याच बिलावर पैसे देऊ नका. रोजची लॉगशीट हवी: गट क्रमांक, सुरुवातीचं आणि शेवटचं मीटर रीडिंग, तास, ऑपरेटरची आणि पाणी समितीतल्या एकाची सही. कामाआधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून. दरपत्रकात जीएसटी धरलाय का पाहा. तो संस्थेला परत मिळत नाही, त्यामुळे १८ टक्क्यांचा खड्डा थेट कामाला पडतो.

कंत्राटदाराचं एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली, की टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर). कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची (मार्चची ३० एप्रिलपर्यंत). कापलाच नाही, तर त्या खर्चातला ३० टक्के भाग आयकरात संस्थेचा खर्च धरला जात नाही. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख दिलेली रक्कम तर पूर्ण बाद. म्हणून उचलीची (कार्यकर्त्याला खर्चासाठी आगाऊ दिलेल्या रकमेची) मर्यादा कमी ठेवा आणि जुनी उचल मिटल्याशिवाय नवी देऊ नका.

गावविहीर
खूप उपयोगी. एक शंका: कंपनीचे लोक म्हणतात, प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांवर देता येत नाही, म्हणून हिशेबनीसाचा पगार काढून टाका.

ऐनमार्च
हा गैरसमज सगळीकडे आहे. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. तुमच्या प्रकल्पाचा हिशेबनीस त्यात येत नाही. तेव्हा शीर्ष काढू नका. उलट अर्धवेळचा पूर्णवेळ करून मागा, ४८ लाखांचं काम अर्धवेळात निभत नाही. कंपनीचं स्वतःचं काही धोरण असेल तर गोष्ट वेगळी, पण मग "नियम आहे" म्हणू नये.

दुसरं, हप्ता मार्चअखेरीला येऊ देऊ नका. कंपनीने तुम्हाला दिले म्हणजे तिचा खर्च झाला असं होत नाही. तुम्ही वापरले तरच तो धरतात, आणि तसं त्यांच्या वित्तप्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. म्हणून ३१ मार्चच्या आत "खर्च दाखवा" असा तगादा येतो. कंत्राटदाराला दिलेली आगाऊ रक्कम खर्च म्हणून दाखवू नका, प्रमाणपत्रात ती वेगळ्या ओळीत येते. प्रकल्प "चालू प्रकल्प" (एकाहून अधिक वर्षं चालणारा) म्हणून मंजूर झालाय का, हे आत्ताच लेखी विचारा. तसा असेल तर कंपनीला उरलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं वापरता येतात. नसेल, तर ते सहा महिन्यांत सरकारी निधीत जातात आणि तुमचा तिसरा हप्ता बुडतो.