‘युबिक्विटिन लायगेज’ला मराठीत काय म्हणावं?

मुळाक्षर: मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या) रुग्णांसाठीची पुस्तिका मराठीत करतोय. ‘युबिक्विटिन लायगेज’ म्हणजे युबिक्विटिन हे छोटं प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला जोडणारं एन्झाइम. त्याला ‘शिक्का मारणारं विकर’ लिहिलं होतं, विकर म्हणजे एन्झाइम. तपासणाऱ्यांनी दोन्ही शब्द खोडले. ‘विकर’ म्हणे लोक ‘विकार’ वाचतात.

कानामात्रा: विकर शाळेच्या पुस्तकात आहे, सोडू नका. ‘शिक्का’ मात्र खोडायलाच हवा. शिक्का बसला की बसला. युबिक्विटिन काढताही येतं. ते सोडवणारी शंभरेक विकरं माणसात आहेत. ‘चिठ्ठी’ म्हणा.

ताम्हण: चिठ्ठी म्हटली की मरणाचीच वाटते, आणि ते अर्धंच खरं. ७६ अमिनो आम्लांचं हे प्रथिन एकाला एक जोडून माळ होते. ४८व्या जागच्या लायसिन या अमिनो आम्लावर गुंफलेली माळ प्रथिनाला प्रोटिअसोमकडे, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं तोडणाऱ्या नळकांड्याकडे, तुकडे करायला धाडते. ६३व्या लायसिनवरची माळ सहसा निरोपासाठी असते. जंतू शिरल्याची वर्दी एनएफ-कप्पा-बी या प्रतिकाराची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनापर्यंत पोचते त्यात या माळेचा हात असतो. म्हणून ‘खूणमाळ’.

देठ: मूळ लॅटिन ‘उबिक्वे’, म्हणजे सर्वत्र. मग सरळ ‘सर्वत्रिन’ का नको? एन्झाइमचं ग्रीक मूळही ‘खमिरात’ असं आहे, त्याला ‘विरजण’ शोभेल.

कानामात्रा: विरजणात जिवंत जिवाणू असतात, विकर हा नुसता रेणू. आणि ‘सर्वत्रिन’ लिहिलंत तर रुग्णाला डॉक्टरांच्या तोंडचा शब्द ओळखू येणार नाही. नाव राहू दे, क्रियापदं मराठी करा.

मुळाक्षर: ‘इनहिबिटर’ला ‘प्रतिबंधक’ केलंय, चालेल ना?

कानामात्रा: ते आधी बदला! प्रतिबंधक म्हणजे रोग होऊ नये म्हणून घेतात ते, लशीसारखं. बोर्टेझोमिब हे मायलोमाचं औषध झालेल्या रोगावर देतात, ते प्रोटिअसोमला अडवतं. मायलोमाची पेशी प्रतिपिंडं ढिगानं बनवते. बिघडलेली प्रथिनं आत तुंबली की ती मरते. ‘रोधक’ लिहा.

ताम्हण: लेनालिडोमाइड या मायलोमाच्या दुसऱ्या औषधाला मात्र ‘रोधक’ लावू नका. ते लायगेजच्या सेरेब्लॉन या भागाला चिकटतं, मग एरवी सुटणारी इकारॉस आणि आयोलॉस ही प्रथिनं तिथे अडकतात, त्यांच्यावर माळ चढते आणि त्यांचे तुकडे होतात. प्रतिकार करणाऱ्या टी-पेशी त्यामुळे इंटरल्यूकिन-२ हे प्रतिकार वाढवणारं निरोप्या प्रथिन जास्त सोडतात. एका औषधानं तोडणी थांबते, दुसऱ्यानं हवी ती तोडणी होते.

देठ: ‘तोडणी’ उसाची. ‘विघटन’ लिहा.

ताम्हण: विघटन पालापाचोळ्याचंही होतं, आपोआप. इथे एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून प्रथिनाची घडी उलगडावी लागते, मग ते प्रोटिअसोमच्या नळकांड्यात शिरतं.

मुळाक्षर: आणि ‘विकर’ ठेवू का?

देठ: पाचोळा कुजतो तोही बुरशीच्या विकरांनीच, आपोआप नाही. ‘विघटन’च बरोबर.