काल्पनिक बॅटलशिप वर्ग: ३५,००० टनांत काय काय बसेल?

प्रश्न: कल्पित आरमारासाठी १९३०च्या दशकातला बॅटलशिप वर्ग (एकाच आराखड्याच्या मोठ्या चिलखती युद्धनौका) आखतोय. १६ इंची ९ तोफा, बाजूंना १४ इंची चिलखती पट्टा, ३० नॉट (ताशी सागरी मैल) वेग, ३५,००० टन. जमेल?

उत्तर १: सगळं एकत्र नाही जमणार. ब्रिटिश बॅटलशिप ‘नेल्सन’मध्ये एवढ्याच तोफा आणि एवढाच पट्टा बसला, पण वेग २३ नॉट, तोही तिन्ही टरेट (तोफांचे फिरते बुरूज) पुढे घेऊन चिलखताची लांबी वाचवली म्हणून. लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अमेरिकेच्या ‘आयोवा’ला ३३ नॉटसाठी २,१२,००० अश्वशक्ती लागली, वजन गेलं ४५,००० टनांवर.

उत्तर २: पट्टा १२ इंच करा आणि तिरका लावा, वरची कड बाहेर. अमेरिकेच्याच ‘साउथ डकोटा’त तो १९ अंश कलता आहे, वेग २७ नॉट. हल (जहाजाचा सांगाडा) आखूड केल्यामुळे आत दाटी फार झाली, तेवढं धरून चला.

उत्तर ३: एक महत्त्वाचं. ३५,००० टनांची मर्यादा घालणाऱ्या १९२२च्या वॉशिंग्टन नौदल करारातल्या ‘स्टँडर्ड’ टनात इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी धरत नाहीत. म्हणून पट्ट्याची उंची पूर्ण भारावर (टाक्या भरलेल्या धरून) काढा. नाहीतर टाक्या भरल्या की जहाज खाली बसेल आणि पट्ट्याचा बराच भाग पाण्याखाली जाईल.