उभयलिंगी, पारलिंगी, तृतीयपंथी: नर्सिंग स्टाफच्या ऑनलाइन प्रशिक्षणात कुठला शब्द?

अनुस्वार: रुग्णांमधल्या वैविध्यावरचा 20 मिनिटांचा ऑनलाइन धडा मराठीत आणायचा आहे. परिचारिका तो मोबाइलवर बघणार, शेवटी प्रश्नोत्तरं. अडलंय ट्रान्सजेंडरपाशी. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2019च्या केंद्रीय कायद्याच्या हिंदी नावात 'उभयलिंगी व्यक्ति' आहे, तेच घ्यावं का? आणि केसपेपरवरच्या 'जेंडर'च्या रकान्याला काय म्हणावं?

रफार: उभयलिंगी अजिबात नको. शाळेच्या पुस्तकात जास्वंद उभयलिंगी, पपई एकलिंगी; गांडूळही उभयलिंगी. परिचारिकेला तो शब्द शरीररचनेचाच वाटणार. शिवाय 'उभयलैंगिक' (बायसेक्शुअल) हा आकर्षणाविषयीचा शब्द शेजारीच बसलाय; सबटायटलच्या बारीक अक्षरांत दोन्हींची गल्लत ठरलेली. 'पारलिंगी' घ्या.

ओवी: पारलिंगी लेखांत चालतो, वॉर्डात कोण बोलतं? तृतीयपंथी सगळ्यांना कळतो.

रफार: पंथ म्हणजे मार्ग. नाथपंथ, महानुभाव पंथ माणूस स्वीकारतो. लिंगभाव, म्हणजे जेंडर, कुणी दीक्षा घेऊन आणत नाही. मुळात 'तृतीयप्रकृती'च हवं, अमरकोशात आहे.

ओवी: अमरकोशात ते षंढ, क्लीब यांच्या पंक्तीत आहे. तो 'नपुंसक' हा अर्थ पुन्हा रुग्णाच्या माथी मारायचा? आणि हिजडा समाजात गुरू-चेला परंपरा आहे, तेव्हा 'पंथ' अगदीच पोकळ नाही. 2019च्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरावानी, जोगता ही नावं वेगवेगळी दिली आहेत. धड्यातही तशीच ठेवा.

काना-मात्रा: शब्दावरून भांडताना रकाना विसरू नका. 'लिंग: पु./स्त्री/इतर' एवढंच असलं तर काम अडतं. हिमोग्लोबिनची रक्तक्षयाची मर्यादा पुरुषांना 13, गरोदर नसलेल्या स्त्रियांना 12 ग्रॅम प्रति डेसिलिटर. सॉफ्टवेअर या रकान्यावरून मर्यादा उचलत असेल, तर 'इतर'पुढे काय छापणार? ट्रान्स पुरुषाची, म्हणजे जन्मवेळी मुलगी अशी नोंद झालेल्या पुरुषाची, नोंद नुसती 'पु.' झाली, तर गर्भाशयमुखाच्या तपासणीची आठवण त्याला जातच नाही. म्हणून रकाने दोन: 'जन्मवेळी नोंदलेलं लिंग' आणि 'लिंगभाव'. दुसरा रुग्णाला विचारून भरायचा, चेहरा बघून नाही. ट्रान्स पुरुषाला तृतीयपंथी म्हटलं तर त्याचं पुरुष असणंच नाकारल्यासारखं होतं, हेही धड्यात हवं.

ओवी: 'लिंगभाव' ओपीडीच्या खिडकीवर कोण उच्चारणार? 'जेंडर' ठेवा. 'पेशंट' ठेवलाच ना?

रफार: पेशंट रुळला, कारण कुणी हट्ट धरला नाही. लिंगभाव स्त्री-अभ्यासात केव्हाच रुळलाय.

वेलांटी: खरी अडचण क्रियापदात आहे. 'तू आलास' की 'आलीस', इथेच चूक होते. 'तुम्ही कधी आलात?' दोघांनाही चालतं. 'कधीपासून दुखतंय?', 'गोळी घेतलीत का?' यांतही रुग्णाचं लिंग उमटत नाही. पण ड्युटी बदलताना दुसऱ्या सिस्टरला सांगायचं झालं, की 'ते आले' किंवा 'त्या आल्या'. आदरार्थीही सुटका नाही. तिथे वाक्यच फिरवायचं: 'बेड 6ला रात्री ताप होता, सलाइन चालू आहे.' हा सराव धड्यात घ्या. नाव, संबोधन पहिल्याच भेटीत विचारून केसपेपरवर लिहिलं, की पुढच्या पाळीला अंदाज बांधावा लागत नाही.

रफार: 'बेड 6' म्हणजे माणसाचा खाटेचा नंबर केला! 'रुग्णाला' म्हणा.

वेलांटी: मान्य. 'रुग्णाला रात्री ताप होता.' रुग्ण पुल्लिंगी असला तरी क्रियापद तापाचं आहे.

ओवी: आणि धड्याच्या शीर्षकात 'अधिपरिचारिकांसाठी' लिहिलंत, तर ब्रदर कुठे गेले?

काना-मात्रा: 'परिचर्या कर्मचारी' लिहा.

रफार: परिचर्या की शुश्रूषा, हे आधी ठरवा. शुश्रूषाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. या धड्याला तोच लागू पडतो.