विषय: एज्ड केअरसाठी अ‍ॅबोरिजिनल ट्रेनी कसे घ्यावेत?

नमस्कार मंडळी,
आमच्या एज्ड केअर होममध्ये (वृद्धांच्या निवासी केंद्रात) दोन अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी समाजातले, ट्रेनी घ्यायला मंजुरी मिळाली आहे. नोकरीच्या वेबसाइटवर जाहिरात टाकली, पण एकही अर्ज नाही. आपल्यातले बरेच जण या क्षेत्रात आहेत, म्हणून विचारते.
— बॅलरॅट

---

बॅलरॅटच्या ताई,
आधी तुमच्या भागातल्या अ‍ॅबोरिजिनल को-ऑपरेटिव्हला, म्हणजे त्या समाजाच्या स्वतःच्या संस्थेला, भेटा. पण "उमेदवार पाठवा" म्हणत जाऊ नका. त्यांनाही तीच माणसं हवी असतात. तुमच्याकडची प्लेसमेंट (शिकाऊंना प्रत्यक्ष कामाचा अनुभव), आरएनचं (नोंदणीकृत नर्सचं) मार्गदर्शन असं काही देऊ करा. पद राखीव असेल तर जाहिरातीत व्हिक्टोरियाच्या २०१० च्या इक्वल ऑपॉर्च्युनिटी कायद्यातल्या 'स्पेशल मेझर'चा (मागे राहिलेल्या गटासाठीच्या खास तरतुदीचा), म्हणजे कलम १२ चा, उल्लेख हवा.

दोघांना एकाच वेळी, एकाच शिफ्टला घ्या. एकटा असला की स्वागत समारंभापासून ते प्रत्येक तक्रारीपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात पडतं, आणि मूळ काम शिकायचं राहून जातं.

सर्टिफिकेट थ्रीला (केअर वर्करच्या कोर्सला) किमान १२० तास प्रत्यक्ष काम लागतं. हे तास बिनपगारी ठेवलेत तर ज्याच्या पगारावर घर चालतं तो तिथेच गळतो. ट्रेनीशिप करार करून ते पगारी शिफ्टमध्येच भरून घ्या.

खरी गळती मात्र कागदपत्रांत होते. काहींच्या जन्माची नोंदच नसते, काहींची दोन आडनावं. जन्मदाखल्याचा अर्ज ऑफर देण्याआधीच करायला लावा, फी तुम्ही भरा. पोलीस चेकमध्ये काहीही दिसलं की एचआरवाले फाइल बंद करतात, हे चूक आहे. नियम खून, लैंगिक अत्याचार आणि तुरुंगवास झालेली मारहाण यांबद्दल आहे. जुन्या दंडाबद्दल नाही.
— शेपार्टन

---

वरच्या मेलशी सहमत. रोस्टरबद्दल थोडं.

कायद्याने कम्पॅशनेट लीव्ह दर प्रसंगी दोनच दिवस, तीही जवळच्या कुटुंबापुरती किंवा एकाच घरात राहणाऱ्यांपुरती. अ‍ॅबोरिजिनल कुटुंबांत आईची बहीणही आईच असते आणि 'सॉरी बिझनेस' (मृत्यूनंतरचे शोकविधी) आठवडाभरही चालतो. तेव्हा वेगळी रजा करारातच लिहा आणि बदली माणूस आधी ठरवून ठेवा. मॅनेजरच्या मर्जीवर सोडलंत तर तिसऱ्या अंत्यविधीनंतर माणूस नोकरी सोडतो.

अंघोळीचं रोस्टर नेमताना ट्रेनीला आधी विचारा. पुरुषांचं काम पुरुषाने, बाईचं बाईने, हे बहुतेक ठिकाणी पाळतात. काही समाजांत सासू-जावई यांसारख्या नात्यांत समोर येणंही टाळतात. सकाळी सात वाजता ट्रेनी खोलीच्या दाराशीच थांबला तर तो आळस समजू नका, कारण हे असू शकतं.

हे सगळं कशासाठी, ते टीमलाही सांगा. अ‍ॅबोरिजिनल ज्येष्ठांना ५० व्या वर्षापासून एज्ड केअर मिळते, आणि 'स्टोलन जनरेशन्स'मधले हयात असलेले सगळेच आता पन्नाशीपुढचे आहेत. लहानपणी आईबापांपासून तोडून संस्थेत ठेवलेल्या माणसाला कुलूपबंद दार आणि जेवणाची घंटा काय आठवून देते, हे आपल्या समाजाचा माणूस शेजारी असला तरच सुसह्य होतं.

आणखी एक: 'अ‍ॅबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर' हे पदनाम ट्रेनीच्या बॅजवर लिहू नका. जुलै २०१२ पासून ते फक्त नोंदणी झालेल्यांनाच वापरता येतं. त्यासाठी अ‍ॅबोरिजिनल प्रायमरी हेल्थ केअर प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट फोर आणि आप्राची (आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) नोंदणी लागते. ट्रेनीला पुढे जायचं असेल तर ही वाट पहिल्याच महिन्यात दाखवा.
— मिल्ड्युरा

---

दोघांचेही आभार. पोलीस चेकचा आमचा फॉर्म खरंच 'काहीही नोंद नको' असं म्हणतो. तो बदलून घेतल्याशिवाय को-ऑपरेटिव्हकडे जात नाही.
— बॅलरॅट