मदत हवी आहे: स्वमूल्यमापन परत आलं, 'पुरावा कुठे?' एवढाच शेरा

अडलीये_गाडी
सोमवारी द्यायचंय, त्यामुळे पाल्हाळ लावत नाही. आमच्या कोर्सला सांघिक खेळाचं युनिट आहे. त्यात स्वतःच्या कौशल्यांचं स्वमूल्यमापन लिहायचं होतं. चार पानं लिहून दिली. काल सरांनी परत केली, वर लाल पेनाने दोन शब्द: 'पुरावा कुठे?'
आता चांगलं खेळते याचा पुरावा काय आणायचा, जन्मदाखला? कुणाकडे भरलेला नमुना असेल तर टाका. फॉरमॅट नकोय, फॉरमॅट आहे.

शिट्टीमास्तर
खेळ कुठला?

राखीव_गडी
आणि तू खेळतोस कुठल्या जागेवर? मित्रा, एवढंही न सांगता नमुना कसला मागतोस?

उडीबाबा
रोज दोरीच्या उड्या मार. तीन महिन्यांत फरक दिसतो. मी स्वतः केलंय.

अडलीये_गाडी
@उडीबाबा, कशातला फरक?? मी उडीबद्दल विचारलेलंच नाही.
@राखीव_गडी, मित्रा नाही, मैत्रिणी.
व्हॉलीबॉल. लिहिलंय असं वाटलं होतं, सॉरी. जागा फिरत असते, रोटेशन असतं ना.

राखीव_गडी
रोटेशन सगळ्यांनाच असतं हो. सर्व्हिस झाल्यावर तुम्ही कुठे जाता, ते विचारतोय. बरं, ते राहू दे. त्या चार पानांतली चार वाक्यं जशीच्या तशी टाका.

अडलीये_गाडी
'माझा अंडरहँड पास चांगला आहे. सर्व्हिस बरी आहे. ब्लॉकिंगमध्ये सुधारणेला वाव आहे. माझ्यात संघभावना उत्तम आहे.'
पुढेही साधारण असंच आहे.

शिट्टीमास्तर
सर बरोबर आहेत. याला स्वमूल्यमापन म्हणत नाहीत, हा प्रगतिपुस्तकातला शेरा झाला. 'व्हॉलीबॉल' खोडून 'हॉकी' लिहिलं तरी अर्धी पानं चालून जातील. 'चांगला' म्हणजे दहातले किती, कुणाच्या सर्व्हिसवर, आणि चेंडू गेला कुठे?

आकडेमोडे
रिसिव्हसाठी, म्हणजे समोरून आलेली सर्व्हिस घेण्यासाठी, सोपी पद्धत आहे, ० ते ३ गुणांची. पास सेटरच्या (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारीच्या) हातात असा गेला की तिला कुणालाही चेंडू देता येईल, तर ३. तिला हलावं लागलं पण दोन पर्याय उरले, तर २. कसाबसा वर राहिला आणि एकच पर्याय उरला, किंवा चेंडू नुसताच पलीकडे ढकलावा लागला, तर १. थेट पॉइंट गेला तर ०. सगळ्या रिसिव्हची बेरीज करायची आणि रिसिव्हच्या संख्येने भागायचं. स्मॅशसाठी वेगळं गणित: मिळवलेले पॉइंट वजा चुका, भागिले एकूण प्रयत्न. एवढं केलं की पुरावा तयार.

नेटपल्याड
झालं, आली आकडेमोड. आकड्यांवरून खेळ कळला असता तर सगळे हिशेबनीस संघात असते. व्हिडिओ काढा आणि बघा. तुमचं कोपर वाकतंय की नाही हे कुठली सरासरी सांगणार?

आकडेमोडे
व्हिडिओ बघून माणूस स्वतःचा आवडता स्मॅश चार वेळा बघतो आणि खूश होतो. आकडा तरी तोंडदेखलं बोलत नाही.

पोथीनिष्ठ
क्रूगर आणि डनिंग या मानसशास्त्रज्ञांचा १९९९ चा अभ्यास वाचा. ज्यांना कमी येतं त्यांनाच आपल्याला जास्त येतं असं वाटतं.

शिट्टीमास्तर
तो विनोद, तर्क आणि व्याकरण यांच्यावर होता, रिसिव्हवर नाही. आणि ती बाई मदत मागतेय, टोमणा नाही.

अडलीये_गाडी
धन्यवाद मास्तर. आकडे आहेत माझ्याकडे, टाकायचे राहिले. गेल्या आठवड्यात सराव केला, २० पैकी १७ पास बरोबर गेले. म्हणून तर 'चांगला' लिहिलं. मग हाच पुरावा देऊ का?

शिट्टीमास्तर
चेंडू कोण टाकत होतं?

अडलीये_गाडी
मैत्रीण. सहा-सात मीटरवरून, हाताने.

शिट्टीमास्तर
म्हणजे चेंडू कुठे येणार हे ठाऊक, कधी येणार हे ठाऊक, शेजारी कुणी नाही, समोर नेटसुद्धा नाही. याला बंद कौशल्य म्हणतात. सामन्यातला रिसिव्ह खुला असतो. तिथे फटका कुठला, चेंडू लांब पडणार की आखूड, तो माझा की शेजारणीचा, हे सगळं आधी ठरवायचं आणि मग हात जोडायचे. सरावाचा आकडा फेकू नका, पण त्याच्या शेजारी सामन्यातला आकडा ठेवा. दोघांत जी फट दिसेल तिच्याबद्दल लिहा. सांघिक खेळाच्या युनिटला बहुतेक तेच हवं असतं. १७ पास तुम्ही भिंतीवरही काढले असते.

नेटपल्याड
हे पटलं. मात्र व्हिडिओशिवाय ती फट दिसणार नाही, हे लिहून घ्या.

लिफ्टर_जुना
वर सगळे 'सेटर सेटर' करताहेत. आम्ही लिफ्टर म्हणायचो आणि लिफ्ट हातातून सुटली की आवाज यायचा नाही. हल्ली पंच डबल टच, म्हणजे हाताला चेंडू दोनदा लागल्याची चूक, देतच नाहीत. रॅली पॉइंट, म्हणजे सर्व्हिस कुणाचीही असो, प्रत्येक रॅलीला पॉइंट, आल्यापासून खेळातली मजाच गेली. पूर्वी सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट मिळायचा, सेट १५ चा असायचा.

राखीव_गडी
काका, तो नियम बदलून पंचवीस वर्षं झाली. पाचवा सेट अजून १५ चाच आहे, त्यात समाधान माना.

बुटका_बांबू
उंची कमी असेल तर लिबेरो व्हा, म्हणजे फक्त मागे खेळणारा बचावाचा खेळाडू. ती जागा १९९८ पासून आहेच. नेटवर स्मॅश अडवायचा ब्लॉक नाही, उडी नाही, सगळी मेहनत खाली. फक्त पुढच्या तीन मीटरच्या पट्ट्यातून बोटांनी सेट दिला, तर आपला खेळाडू तो चेंडू नेटच्या वरून मारू शकत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

अडलीये_गाडी
माझी उंची कुणी काढली? मी कुठेच लिहिलेलं नाही! आणि मी डाव्या बाजूने मारते, लिबेरो नाही.

राखीव_गडी
अखेर जागा कळली. उशिरा का होईना.
नेट किती उंचीवर होती? मुलामुलींचा एकत्र सराव असेल आणि पुरुषांच्या २.४३ मीटरला बांधली असेल, तर ब्लॉकिंगच्या 'सुधारणेला वाव' यात तुमचा दोष निम्माच.

अडलीये_गाडी
उद्या सकाळी सरावाचा सामना आहे, दोन सेट. मोबाइल मागच्या रेषेपलीकडे बाकावर उभा करते. आणखी काही असेल तर आजच सांगा, उद्या सगळे 'आधी विचारायचं ना' म्हणणार.

आकडेमोडे
स्वतःचे गुण स्वतः द्या, आणि तोच व्हिडिओ बघून एका मैत्रिणीलाही द्यायला सांगा. एकमेकींचे कागद आधी बघू नका.

नेटपल्याड
आणि व्हिडिओ एकदा चेंडूकडे न बघता बघा. फक्त स्वतःचे पाय बघा.

अडलीये_गाडी
शनिवार रात्र. झालं एकदाचं. माझ्याकडे १४ सर्व्हिस आल्या. मी दिलेले गुण: ३ चे दोन, २ चे चार, १ चे पाच, ० चे तीन. १९ भागिले १४, म्हणजे १.३६. मैत्रिणीने मला १६ च दिले, १.१४. भांडण झालं. ज्याला मी २ दिले त्यात सेटर पार बाहेरच्या रेषेपर्यंत पळालेली, आणि मी म्हणत होते 'पोचली ना ती!'. परत बघितल्यावर तिचंच खरं वाटलं.
कोपरं ठीक आहेत. @नेटपल्याड म्हणाले म्हणून पाय बघितले. सर्व्हिस सुटते तेव्हा मी टाचांवर उभी असते, आणि पहिलं पाऊल चेंडू नेट ओलांडल्यावर पडतं. एकदा नाही, नऊ वेळा. त्या तीन शून्यांपैकी दोन तर माझ्या हाताला लागलेच नाहीत. मी आणि शेजारची, दोघी चेंडूकडे बघतोय, मग एकमेकींकडे बघतोय, चेंडू मधे पडतोय, आणि मग दोघी एकदम हात वर करून सॉरी म्हणतोय. 'माझा' असं कुणीच ओरडलं नाही. आवाज चालू होता, तीनदा ऐकलं. सबंध दोन सेटमध्ये मी दोनदा ओरडलेय, दोन्ही वेळा शिट्टी वाजून गेल्यावर.
आणि मी लिहिलं होतं, 'संघभावना उत्तम'.

शिट्टीमास्तर
मग तो परिच्छेद खोडा आणि त्या जागी हे लिहा. नमुना मागत होतात, आता तुमचाच तयार आहे.

आकडेमोडे
दोन कागदांतला ३ गुणांचा फरकही लिहा, भांडणासकट. आणि पुढचं लक्ष्य 'सुधारणा करीन' असं नको. 'सरासरी अमुक' असंही सध्या नको, १४ सर्व्हिस फार थोड्या झाल्या.

नेटपल्याड
अरे! आकडेमोडे म्हणतोय आकडा नको! दिवस लिहून ठेवा.

आकडेमोडे
सरासरी नको म्हटलं, मोजू नका म्हटलं नाही. आवाज मोजा. मधे पडणाऱ्या प्रत्येक सर्व्हिसला चेंडू नेटवर यायच्या आत 'माझा' किंवा 'तुझा' आलं की नाही, हो किंवा नाही. तीन सामने मोजा.

अडलीये_गाडी
असं लिहिलंय, बघा: 'सरावात २० पैकी १७, सामन्यात १४ सर्व्हिसवर माझ्या मते १.३६, सहखेळाडूच्या मते १.१४. हातांची ठेवण दोन्हीकडे सारखी. फरक चेंडू येण्याआधीचा: उशिरा पडणारं पाऊल आणि न दिलेला आवाज. पुढचे तीन सामने मधल्या प्रत्येक सर्व्हिसला चेंडू नेटवर येण्याआधी आवाज दिला की नाही, याची नोंद सहखेळाडू ठेवेल.' सर्व्हिस आणि ब्लॉकचं काय करू? त्यांचं अजून 'बरी आहे' आणि 'वाव आहे'च आहे.

राखीव_गडी
सर्व्हिसचं उद्या एका तासात होईल. पलीकडच्या कोर्टाचे सहा भाग करा, भाग आधी मोठ्याने सांगा, मग मारा. न सांगता मारलेली धरायची नाही. ब्लॉकचं रविवारी संध्याकाळी काही जमत नाही, 'या मुद्द्यावर पुरावा अजून गोळा केलेला नाही' असं सरळ लिहा. खोट्या आकड्यापेक्षा बरं.

उडीबाबा
ब्लॉकसाठीच सांगत होतो मी दोरी.

अडलीये_गाडी
@उडीबाबा, बरं, हे मान्य.
सोमवार: दिलं. पाच पानं झाली. सर म्हणाले, बघतो. सर्व्हिस सांगून ३० पैकी ११ पडल्या, न सांगता मारताना भारी वाटायच्या. आणि नेट बायकांच्या २.२४ चीच होती, त्यामुळे ब्लॉकचा दोष पूर्ण माझा.